फुंकणी खाली ठेवणारी

त्या रविवारी घरातला सकाळचा चहा नेहमीप्रमाणे तासभर उशिराच झाला, पण तो कुणालाच धड लागला नाही.

तासाभराचा हा उपास घराने सात वर्षांपूर्वी आपणहून ओढवून घेतला होता. घरातली लेक, मुंगी, उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी घ्यायची आणि पुढे तासभर तिला पाण्याशिवाय काही चालायचं नाही. ती एकटी हात चोळत बसणार आणि बाकीचे तिच्यासमोर भुरके मारणार, हे आईला बघवेना. तिने सगळ्यांचाच चहा पुढे ढकलला. काकांनी आठवडाभर कुरकुर केली, मग त्यांच्याही अंगवळणी पडलं. आता ते परगावी गेले तरी उठल्यावर तासभर चहाकडे नुसते बघत बसतात, असं दादा सांगायचा.

त्या रविवारी बाक कुणाचा ते ठरायचं होतं. घरामागच्या काचकारखान्यात भट्टीसमोर एकच बाक होता. त्यावर बसेल तो उस्ताद, बाकीचे सगळे मदतनीस, मग ते वयाने कितीही थोर असोत. आजोबांनंतर तिथे आत्या बसली आणि बावीस वर्षं बसली. गेल्या हिवाळ्यात एका झुंबराच्या कामात तिच्या उजव्या खांद्यातलं काहीतरी तुटलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता फुंकणी विसरा. आत्या विसरणाऱ्यांतली नव्हती, पण हात खांद्याच्या वर जाईना. इकडे नव्या नाट्यगृहाच्या जिन्यासाठी दिव्याच्या बारा काचेच्या हंड्यांचं काम येऊन पडलेलं. तेव्हा तिने दादाला आणि मुंगीला सांगितलं, दोघं भावंडं एकेक हंडी फुंका, मी बघते.

मुंगीला तो बाक हवा होता. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

ती आता तेहतिशीची. नवव्या वर्षी ती एकाएकी वाळायला लागली, तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची, आणि मोरीत मुंग्यांची रांग लागली. आजोबांनी रांग पाहिली, डॉक्टरांनी रक्त पाहिलं, आणि घरात इन्सुलिन आलं ते कायमचं. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, आमची मुंगी साखर मोजून खाईल, असं आजोबा म्हणाले आणि नाव चिकटलं. मग ती मोजायला शिकली, टोचून घ्यायला शिकली, पोहायला शिकली. दोन वर्षं दुसऱ्या शहरातल्या काचकारखान्यात एकटी राहिली. तिथल्या एका रंगाऱ्याच्या प्रेमात पडली आणि यथावकाश त्यातून बाहेरही आली. चोविसाव्या वर्षी मात्र ती विझायला लागली. भट्टीशेजारी बसूनही तिला थंडी वाजायची, आवाज घोगरा झाला, केसांचे पुंजके उशीवर राहायला लागले, आणि दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. दोन वर्षं सगळे साखरेलाच बोल लावत राहिले. काका तर सरळ आळस म्हणाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि वेगळंच रक्त तपासायला पाठवलं. गोळी सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत मुंगी परत आली. त्या आळसाबद्दल काका मनातल्या मनात अजून माफी मागत असावेत, कारण तोंडाने त्यांनी ती कधी मागितली नाही.

गेल्या वर्षी तिच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर बसला. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवायचा, आणि फक्त तिच्याच नाही, आईच्या, आत्याच्या, काकांच्या आणि दादाच्याही. आकडा घसरला की पाचही फोन कोकलायचे. काकांच्या फोनवर कोंबडा आरवायचा, कारण दुसरा आवाज लावायचा कसा ते त्यांना कळलं नव्हतं आणि विचारायचं कसं तेही.

जेवणं उरकल्यावर सगळे कारखान्यात जमले. उंचावरच्या खिडक्यांतून दुपार तिरकी उतरत होती आणि फळीवरच्या बाटल्यांतून गाळून निळी-पिवळी होऊन जमिनीवर पडत होती. भट्टी तिच्या नेहमीच्या सुरात घुमत होती. त्या घुमण्यात एवढी गुंगी असायची की आत आलेला माणूस आपोआप हळू चालायला लागायचा.

दारापाशी काकांनी टोपली फिरवली आणि सगळ्यांचे फोन गोळा केले, मुंगीचासुद्धा. हा आजोबांचा नेम. भट्टीजवळ फोन नको, बोलणं नको. काम चालू असताना लागेल ते पायाने ठोकून सांगायचं: एकदा ठोकलं की दार उघड, दोनदा ठोकलं की फुंक. आणि तिसरा नेम सगळ्यांत मोठा: फुंकणी एकदा हातात घेतली की तुकडा पुरा झाल्याशिवाय खाली ठेवायची नाही. आजोबांनी डोळ्यात ठिणगी गेली तरी ठेवली नव्हती. आत्याने खांदा तुटला तेव्हा ठेवली नव्हती. काका ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे तेव्हा त्यांचा ऊर भरून यायचा, कारण त्यांनी स्वतः आयुष्यात फुंकणी हातात धरली नव्हती. ते दुकान बघायचे.

काकांचा जीव मुंगीवर होता, पण मत दादाकडे. त्यांचं म्हणणं साधं होतं. चाळीस मिनिटांचं काम, समोर हजार अंशांच्या वरची आग, आणि मध्येच पोरीची साखर उतरली तर? ती फुंकणी खाली ठेवेल की जीव? आईचंही तेच म्हणणं, फक्त तिला ते शब्दांत मांडवत नव्हतं. आदल्या दिवशी भांडी विसळता विसळता ती मुंगीला एवढंच म्हणाली होती, की बाकाशेजारी उभं राहूनही काम होतंच की.

आईचीही चूक नव्हती. सतराव्या वर्षी मुंगी मैत्रिणींबरोबर टेकडी चढायला गेली होती. वाटेत हात थरथरायला लागले, मैत्रिणींनी तीनदा विचारलं, आणि तीनदा तिने "बरी आहे" म्हणून सांगितलं, कारण आपल्यापायी सगळ्यांची सहल बुडायला नको होती. मग उतारावर ती कोसळली. तिला दवाखान्यात डोळे उघडताना आईने पाहिलं, आणि डोळे उघडल्यावरही ती पहिलं काय म्हणाली, तर "बरी आहे." तेव्हापासून त्या दोन शब्दांना आईच्या लेखी किंमत उरली नव्हती. दंडावरचा सेन्सर आला तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं तिलाच वाटलं. आकडा तरी खोटं बोलत नाही.

आधी दादाची हंडी झाली. चाळीस मिनिटं तो दगडासारखा बसला आणि त्याने एक देखणी, गोल, जराशी जड हंडी उतरवली. काकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि नेम आठवून खाली घेतले. दादा उठला, मुंगीच्या जवळून जाताना कोपराने तिला ढोसलं आणि हळूच म्हणाला, की माझी घाबरून चांगली झाली, तू घाबरू नकोस, म्हणजे आणखी चांगली होईल. आदल्या रात्री त्यानेच तिला सांगितलं होतं, की बाक तुला मिळाला तर मी आनंदाने दार धरीन. तो खरं बोलत होता, असं तिला वाटलं होतं.

मुंगी बाकावर बसली. जेवणाआधी तिने इन्सुलिन हात राखून घेतलं होतं, पोट भरलेलं होतं, आणि तरी भट्टीपुढे इन्सुलिन कधी घोड्यावर बसेल याचा नेम नसतो, हे तिला ठाऊक होतं. तिने पायाने एकदा ठोकलं. दादाने दार उघडलं. तिने फुंकणीचं टोक आतल्या रसात बुडवलं, फिरवलं, आणि मधासारखा लालबुंद गोळा बाहेर आला.

मग बाकीचं जग मागे सरलं. फुंकणी फिरत राहिली, ओल्या कागदाच्या घडीवर गोळा फिरत राहिला, कागदातून वाफ आणि जळका गोड वास वर आला. दोनदा ठोकलं, दादाने फुंक मारली, गोळ्याच्या आत एक पोकळी उमलली. पुन्हा आग, पुन्हा कागद. मुंगीला नेहमी वाटायचं, की काच फुंकताना आपण तिला आकार देत नाही, ती झोपेत कूस बदलते आणि आपण फक्त तिची झोप मोडू देत नाही. विसाव्या मिनिटाला हंडी भोपळ्याएवढी झाली. तिच्या पोटात खिडक्या तरंगत होत्या, उलट्या आणि छोट्या, आणि त्यांच्याभोवती उजेडाची मऊ किनार होती. ती किनार हलत होती. हंडीच्या आत कुणीतरी दिवसच्या दिवस राहू शकलं असतं. मुंगीने इतकी सुंदर काच कधी पाहिली नव्हती.

आणि त्यावरूनच तिला कळलं. काच गरजेपेक्षा जास्त सुंदर दिसायला लागली, की साखर उतरते आहे. चोवीस वर्षांत तिच्या शरीराने तिला नाना खुणा शिकवल्या होत्या, त्यांतली ही सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत वाईट. गोड अशासाठी, की त्या वेळी थांबावंसं वाटत नाही. आणखी वीस मिनिटं. तोंडात गोळी टाकायला एक हात मोकळा हवा, आणि दोन्ही हात फुंकणीवर. दादाला खुणेने सांगावं, तर गोळीची खूणच नव्हती. ती आजोबांनी ठरवली नव्हती. मागे घरचे सगळे बसलेले. आत्ता उठले तर बाक गेला, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणखी पाच मिनिटांनी तेही कळणार नाही, हेही तिला कळत होतं.

मुंगी उठली. ती सावकाश चालत तुकड्यांच्या बादलीपाशी गेली आणि फुंकणीला एक टोला देऊन तिने ती हंडी बादलीत टाकली. काच क्षणभर तशीच लाल राहिली, मग तडतडून फुटली. मुंगीने फुंकणी खाली ठेवली.

त्या कारखान्यात असं कधी कुणी केलं नव्हतं. काका उभेच राहिले. ते टोपलीकडे गेले, त्यांनी आपला फोन काढला आणि लांब धरून वाचला.

"चौऱ्याण्णव," ते म्हणाले. "चौऱ्याण्णव आहे. चांगली आहे की ही." आणि त्यांनी फोन परत टोपलीत टाकला.

एवढ्यात मुंगी एका उलट्या खोक्यावर बसली होती आणि खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या एकामागून एक चावत होती. तिला सांगायचं होतं, की सेन्सर रक्तात नसतो, कातडीखाली असतो. रक्तातली साखर झरझर उतरत असली की तो मागे राहतो, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हे सगळं तिने पूर्वी सांगितलेलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण आता शब्द कुठेतरी खोल पाण्यात होते आणि ती काठावर. ती गोळ्या चावत राहिली. दादा तिच्याकडे आला, वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मुंगे, आकडा ठीक आहे. हंडी बिघडली होती तर तसं सांग ना. आजाराचं निमित्त कशाला?"

हे तिला लागलं. काकांचं लागलं नसतं, पण दादाचं लागलं. तिचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी दादा फार दूर आणि फार छोटा दिसला.

मग मागे जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कुणीच चढवला नाही. काका म्हणाले, झालं ते झालं, पोरीला बोल लावायचा नाही, पण निकाल लागला. दादाच बसेल. आईच्या चेहऱ्यावरची सुटका सगळ्यांना दिसली. दादा म्हणाला, मी बसायला तयार आहे, पण तिचं मन मोडून नको. त्यावर काका म्हणाले, मन जुळतं, बेटा, भाजलेलं तोंड जुळत नाही. सगळे मुंगीबद्दल इतक्या कळवळ्याने बोलत होते, की मुंगीकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

आत्या एवढा वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती दादाला म्हणाली, "तुझी मूठ उघड."

दादाने ऐकलं नसल्यासारखं केलं. आत्याने पुन्हा सांगितलं. त्याने उजवी मूठ उघडली. तळव्यावर फुंकणीच्या जाडीचा फोड टरारून उठला होता.

"कधी भाजलं?"

"दहाव्या मिनिटाला. तापल्या जागी हात सरकला."

"म्हणजे अर्धा तास तू भाजल्या हाताने फिरवत होतास."

"ठेवायची नसते ना, आत्या."

काकांना गहिवर आला. ते म्हणाले, बघा, याला म्हणतात रक्त. आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "याला म्हणतात माझा खांदा. टचकन आवाज आला होता, तेव्हाच ठेवली असती तर महिन्याभरात बरी झाले असते. ते झुंबर कुणाच्या घरी आहे तेही मला ठाऊक नाही. आणि मी स्वतःची वेणी घालू शकत नाही."

आत्या असं कधी बोलत नसे. खांद्याची गोष्ट काका सांगायचे तेव्हा ती नेहमी हसायची, आणि ते हसणं अभिमानाचं आहे असं सगळे धरून चालले होते. आई उठली, तिने रुमाल ओला करून आणला आणि दादाच्या तळव्यावर ठेवला.

या सगळ्यात पंधरा मिनिटं गेली. मुंगीच्या डोळ्यांसमोरच्या खिडक्या पुन्हा नुसत्या खिडक्या झाल्या, एकीची काच पुसायला हवी होती. तिने बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. अठ्ठ्याण्णव. डब्यातली दोन बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायली, तोंड धुतलं. निकाल लागला असं काका म्हणाले होते, पण आत्या तसं म्हणाली नव्हती. मुंगीने दुसरी फुंकणी घेतली आणि बाकावर बसून पायाने एकदा ठोकलं.

दादा उठला आणि त्याने डाव्या हाताने दार उघडलं. तिच्याकडे बघायचं त्याला धैर्य झालं नाही, पण दार त्याने पुरतं उघडलं आणि धरून ठेवलं.

गोळा बाहेर आला, कागदावर फिरला, पहिली पोकळी उमलली. आणि तेव्हा टोपलीतले फोन कोकलायला लागले, आधी एक, मग सगळे, आणि सगळ्यांच्या वर कोंबडा. आई धावली. तिने आपला फोन उचलला. "एकसष्ट," ती ओरडली. काका पुढे झाले. त्यांनी दादाला दार लाव म्हणून सांगितलं, ते मुंगीच्या हातातली फुंकणी घ्यायलाच निघाले होते. दादाने आत्याकडे पाहिलं. आत्याने आईकडे पाहिलं.

आई भट्टीसमोर येऊन उभी राहिली, फोन हातात कोकलतोय तसाच. तिथे कुणी बोलत नसे. आजोबा गेले त्या दिवशीही तिथे कुणी बोललं नव्हतं. तिने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. मुंगीच्या कपाळावर घाम होता, पण भट्टीपुढे तो सगळ्यांच्याच असतो.

"कशी आहेस गं?" आईने विचारलं.

मुंगीची फुंकणी थांबली नाही. तिने मान वळवली नाही. "बरी आहे" हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, सवयीने, आणि ते खरेही होते. पण तिने ते गिळले.

"मघाशी नव्हते," ती म्हणाली. "तो आकडा मघाचा आहे. खूप उतरली होती, मी घाबरले होते. आता आहे बरी."

फोन ओरडत होता. आईने तो बंद करायला दोन-तीनदा बोट लावलं, ते जमेना, तेव्हा तिने तो पदराखाली दाबून धरला.

"भावोजी, बसा," ती काकांना म्हणाली. "तिचं काम चाललंय."

काका बसले. काकांना बसवणारी आई त्या घराने प्रथमच पाहिली. टोपलीतले बाकीचे चार फोन आणखी थोडा वेळ ओरडून दमले, कोंबडा सगळ्यांत शेवटी. पुढची चाळीस मिनिटं कारखान्यात भट्टीचं घुमणं तेवढं उरलं, आणि मधूनमधून पायाचं ठोकणं. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं. मुंगीच्या फुंकणीच्या टोकाला एक हंडी वाढत गेली, पातळ, हलकी, गुपित ऐकल्यासारखी किंचित एका बाजूला कललेली, मग तीही सरळ झाली. ती पहिलीइतकी सुंदर नव्हती. ती खरी होती आणि तिच्यात दिवा लावता आला असता. दादाने ती जाड हातमोज्यांत झेलली आणि काच हळूहळू निववायच्या पेटीत नेऊन ठेवली. येताना तो मुंगीपाशी थांबला, त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मुंगी म्हणाली, आधी हाताला मलम लाव, मग बोल. तो हसला आणि त्याचं मोठं ओझं उतरलं.

आत्याने बाकाला एक प्रदक्षिणा घातली. बाक उस्तादाच्या मापाचा असतो. हा आजोबांनी आत्याच्या मापाने बनवून घेतलेला होता, आणि आत्या त्या घरात सगळ्यांत उंच. एकदा पाय कापले की ते पुन्हा जोडता येत नाहीत, म्हणून माप बदलायचं ते एकदाच आणि कायमचं. आत्याने दादाला करवत आणायला सांगितलं.

"चारी पाय दोन दोन बोटं काप," आत्या म्हणाली.

"तीन," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पदराखाली फोन कधीचा गप्प झाला होता आणि तो तिथे आहे हेही ती विसरली होती.

"तीन बोटं, वन्सं. तिच्या टाचा टेकत नव्हत्या. मी एवढा वेळ तिच्याकडेच बघत होते."